भेकरवाडीची हजेरी

“सोनटक्के मॅडम, आपल्या जिल्ह्यात स्थलांतर होतं की नाही?” साहेबांनी विचारलं.

“होतं ना, साहेब. दिवाळी झाली की अर्ध्याअधिक कातकरी वाड्या वीटभट्ट्यांवर जातात. पावसाच्या तोंडाशी परत येतात.”

“मुलं?”

“मुलं आईबापांबरोबरच जातात.”

“मग ती कागदावरून का जात नाहीत?” असं म्हणून साहेबांनी पुण्याहून आलेलं पत्र माझ्यासमोर सरकवलं.

टिळेकर साहेब आमचे शिक्षणाधिकारी. आवाज कधी चढवायचे नाहीत, त्यामुळे त्यांची जास्तच भीती वाटायची. मी तेव्हा विस्तार अधिकारी होते, बेचाळीस वर्षांची. माझ्या ताब्यात डोंगराकडेच्या चौतीस शाळा होत्या. त्या तपासायच्या आणि त्यांच्या आकड्यांवर पडताळणीची सही करायची, हे माझं काम. सही मी भरभर करत असे. त्याबद्दल ऑफिसात माझं कौतुकही होतं.

दोन वर्षांपूर्वी शाळांना श्रेणी द्यायची पद्धत सुरू झाली होती. फेब्रुवारीत सगळ्या मुलांची चाचणी घ्यायची, पटावरच्या एकूण मुलांवर टक्के काढायचे. गैरहजर मुलाला शून्य. टक्के चांगले असले तर अ, नाहीतर ब, क आणि शेवटी ड. सलग तीन वर्षं ड मिळाला की शाळा बंद आणि मुलं जवळच्या शाळेत. नियम करणाऱ्यांच्या डोक्यात वीटभट्टी आली नव्हती. म्हणून साहेबांनी जिल्ह्याच्या वतीनं शिथिलता मागितली होती. मागणी साधीच होती. भट्टीवर गेलेल्या मुलांची चाचणी ती परत आल्यावर, ऑगस्टमध्ये घेऊ द्या.

पुण्याचं उत्तरही साधंच होतं. आपणच पाठवलेल्या माहितीप्रमाणे जिल्ह्यातली उपस्थिती शहाण्णव टक्के आहे. स्थलांतराचा परिणाम फक्त एका शाळेच्या निकालावर दिसतो. एका शाळेसाठी अख्ख्या जिल्ह्याला सवलत देता येत नाही, तो त्या शिक्षकाचा दोष असू शकतो. तरी आमच्या समितीच्या सदस्य डॉ. इनामदार त्या शाळेला भेट देतील आणि त्यांचा अहवाल अंतिम राहील.

ती एक शाळा भेकरवाडी. माझ्याच चौतिसातली.

आकडे कसे तयार होत ते आता सांगायला हरकत नाही. चाचणीच्या दिवशी दुपारी मुख्याध्यापकांचे एकमेकांना फोन सुरू व्हायचे. “तुझे किती?” “मी ब्याऐंशी टाकतोय.” “मग मी त्र्याऐंशी टाकतो.” सगळ्यात कमी असलं की साहेब दम द्यायला येणार आणि सगळ्यात जास्त असलं की कौतुक करायला येणार. दोन्हीत शाळेचा दिवस वाया. म्हणून सगळे मधेच दाटीवाटीनं बसायचे. माझ्या तेहेतीस शाळा एक्क्याऐंशी ते पंच्याऐंशीच्या आत होत्या. भट्टीवर गेलेल्या मुलांचे पेपर गुरुजी स्वतः सोडवत, काही जण तर डाव्या हातानं, अक्षर पोराचं वाटावं म्हणून. एका गुरुजींनी वजाबाकीत हातचे इतके बरोबर चुकवले होते की मला ते पेपर पाहून हसू आवरलं नव्हतं. मग मी सही केली होती.

भेकरवाडीच्या भोपी गुरुजींचा कागद मात्र असा असायचा: पट एकेचाळीस, हजर नऊ, गैरहजर बत्तीस, कारण वीटभट्टी. टक्के साडेसतरा. दोन वर्षं ड आणि दोन वर्षं कारणे दाखवा नोटीस. त्या दोन्ही नोटिशीही माझ्याच सहीच्या. यंदाही त्यांचे टक्के तेवढेच होते, फक्त श्रेणी जाहीर व्हायची बाकी होती.

“शुक्रवारी बाई येताहेत,” टिळेकर साहेब म्हणाले. “त्यांना ती शाळा आहे तशी दाखवा. रिकामी. आपल्या बाजूनं बोलणारी तेवढी एकच शाळा आहे, मॅडम.”

दुसऱ्या दिवशी मी भेकरवाडीला गेले. मार्चचा महिना, सकाळची शाळा. दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीच्या टोकाला चूल. नऊ मुलं एकाच खोलीत बसली होती. यशवंत भोपी चाळिशीच्या आतबाहेरचा माणूस, अंगानं सडपातळ, बोलण्यात तुटक.

“तिसरी नोटीस आणलीत का?” त्यांनी विचारलं. “द्या, फाईल तयारच आहे.”

“नोटीस नाही. पुण्याहून बाई येणार आहेत.” मी त्यांना सगळं सांगितलं, शिथिलतेचं, पत्राचं. “तुमचं रजिस्टर जसं आहे तसंच दाखवा.”

“ते तसंच असतं.”

“हो, माहीत आहे.”

“माहीत होतं तर नोटिशी कशाला दिल्या?” गुरुजींनी हे रागानं विचारलं नाही. त्यांना खरंच कळलं नसावं. मी म्हटलं, वरून आदेश असतात. तेवढ्यात खिचडी शिजवणारी ठमी वाघे हात पुसत पुढे आली. नऊतली दोन मुलं तिची होती. ती भट्टीवर जात नसे, नवरा एकटाच जाई.

“मॅडम, शाला बंद करनार काय?”

“नाही गं, अजून तसं काही ठरलं नाही.”

“मंग गुरुजी असं का बोलतान? खैरोलीच्या शालेत घालनार म्हने पोरांना.” तिनं हातानं नदी दाखवली. नदी म्हणजे त्या वेळी नुसते दगड होते. “आता काय, बकरीपन उतरंल. पावसान पोरां कशी जातील? आनी पोरां घरी येतान ती पावसानच.”

ठमीनं दोन वाक्यांत सांगितलेलं मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं. भेकरवाडीची बत्तीस मुलं गावात असायची तेवढेच महिने नदी उतरता येत नसे. शाळा खैरोलीला गेली की ती मुलं शाळेतून गेलीच. पटावर राहिली असती, पटाला नदी आडवी येत नाही.

निघताना भोपी म्हणाले, “घरत साहेबांना सांगितलंत?”

“सांगते.”

महादू घरत आमचे केंद्रप्रमुख. बारा शाळांचं एक केंद्र, त्याचे ते प्रमुख आणि माझा उजवा हात. सत्तावन्न वर्षांचे, निवृत्तीला वर्ष उरलेलं. पांढराशुभ्र शर्ट, मोटारसायकल आणि तोंडात सदैव, “मॅडम, तुम्ही कशाला टेन्शन घेता?” मी लातूरकडची, कोकणात नवखी, एकटी आले तेव्हा खोली शोधण्यापासून गॅसच्या शेगडीपर्यंत सगळं त्यांनीच बघितलं होतं. त्यांना मी संध्याकाळी फोन केला आणि एवढंच सांगितलं, की शुक्रवारी पुण्याच्या बाई भेकरवाडीला येताहेत. कशासाठी ते सांगितलं नाही. सांगायचं तर पत्रातलं ते वाक्यही सांगावं लागलं असतं, की तुमच्या बाकीच्या शाळांच्या खोट्या आकड्यांमुळे घोडं अडलंय. आणि घरतांना सांगितलं की तालुक्याला कळणार. सगळे मुख्याध्यापक माझ्या दारात उभे राहिले असते. म्हणून ताकास तूर लागू दिली नाही.

“भोप्याची तिसरी खेप ना?” फोनवर घरत म्हणाले. “असू द्या, मी बघतो.”

ते काय बघणार आहेत, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

शुक्रवारी जीपमध्ये इनामदार बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. साठीच्या, सुती साडी, हातात साधी वही आणि शिसपेन्सिल. वाटेत त्यांनी दोनच प्रश्न विचारले, भट्टीवाले मुकादम कधी येतात आणि उचल कधी देतात. मी उत्तरं दिली. बाईंनी ती लिहून घेतली. मला वाटलं, काम होणार.

जीप वळणावर आली आणि मला आधी टेम्पो दिसला. आंब्याखाली उभा, मागचं फळकं उघडं. मग रांगोळी दिसली. मग पडवीत तीन रांगांत उभी असलेली मुलं दिसली आणि स्वागतगीत सुरू झालं.

घरत हसत पुढे आले. बाईंना फूल दिलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “तीस आणलेत खैरोलीचे. इथले नऊ धरून एकोणचाळीस. दोन मुद्दाम कमी ठेवलेत, शंभर टक्के असलं की संशय येतो.”

ज्या दिवशी आम्हाला रिकामी शाळा हवी होती, नेमक्या त्याच दिवशी या माणसानं ती भरून ठेवली होती. आणि चेहरा असा, की लेकीचं लग्न पार पाडलंय.

भोपी गुरुजी दारात उभे होते, हजेरीचं रजिस्टर छातीशी धरून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्यांना वाटलं असणार, हे सगळं माझ्याच सांगण्यावरून झालंय.

“ड श्रेणीची शाळा ती हीच ना?” बाईंनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं.

“मुलं तर भरपूर आहेत.” त्यांनी पहिल्या रांगेतल्या एका मुलीला सतरा चोक विचारलं. पोरगी खैरोलीची, चटकन अडुसष्ट म्हणाली. “हुशारही आहेत. मग वीटभट्टीवर कोण गेलंय?”

हा प्रश्न कशासाठी आहे हे घरतांना माहीत असायचं कारणच नव्हतं. ते मोठ्या तत्परतेनं म्हणाले, “नाही बाई, आमच्या केंद्रात स्थलांतर शून्य. एकही मूल शाळाबाह्य नाही.”

“बाई, मला जरा बोलायचंय,” भोपी म्हणाले.

“बोला की नंतर,” घरतांनी त्यांचा दंड धरला. “गुरुजी भिडस्त आहेत, बाई. पण काम सोन्यासारखं.”

बाई वहीत लिहीत लिहीत पडवीच्या टोकाला गेल्या. तिथे चुलीवर पातेलं होतं. ठमी बाजूला उभी. बाईंनी वाकून पातेल्यात पाहिलं.

“किती जणांची खिचडी आहे?”

“नवांची.”

“मुलं तर चाळीसच्या घरात आहेत.”

ठमीनं घरतांकडे पाहिलं, भोपींकडे पाहिलं. “मना गुरुजी सांगतान तेवढंच टाकतंय. आज वाढव म्हनून कोनी बोलला नाय.”

घरतांनी सगळं केलं होतं. टेम्पो, रांगोळी, गीत, प्रत्येक मुलाच्या खिशात नावाची चिठ्ठी. भाताचं तेवढं राहून गेलं होतं.

इनामदार बाई परत आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “गुरुजी, हजेरी घ्या.”

मुलं खाली बसली. भोपी टेबलाशी उभे राहिले, रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं. बाई त्यांच्या मागे उभ्या. मी आणि घरत भिंतीला टेकून.

“वाघमारे सुनीता चंदर.”

“हजर,” म्हणत ती अडुसष्टवाली मुलगी उभी राहिली.

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं आणि रजिस्टरात काहीतरी लिहिलं.

“पवार लक्ष्मण काळू.”

“हजर.”

पुन्हा तसंच.

“वाघे मंजी बाळू.”

“हजर,” ठमीची पोर म्हणाली. या वेळी गुरुजींचं पेन वेगळं हललं. बाई किंचित पुढे वाकल्या.

“गुरुजी, तुम्ही पहिल्या दोघांना गैरहजर मांडलंत. ती दोघं उभी राहिली होती.”

“उभी राहिली, बाई. पण ती सुनीता नाही. सुनीता खाडीपलीकडच्या भट्टीवर आहे. तिच्या आईला दिवस गेलेत, धाकट्याला सांभाळायला तीच असते. लक्ष्मण तिच्याच भट्टीवर. तो विटा उलट्या करतो, वाळायला.”

“पुढे घ्या.”

गुरुजी नावं घेत राहिले. “मुकणे भीमा.” हजर. ते लिहीत होते गैरहजर आणि सांगत होते, भीमा कुठल्या भट्टीवर, कुणाबरोबर, कधी येणार. बत्तीसच्या बत्तीस मुलांचा ठावठिकाणा त्यांना तोंडपाठ होता. माझ्या तेहेतीस शाळांतल्या एकाही गुरुजीला तो सांगता आला नसता, आणि मी कधी विचारलाही नव्हता. दहाबारा नावांनंतर मुलं गोंधळली. ‘हजर’चा आवाज बारीक होत गेला. दुसरीतली एक मुलगी चिठ्ठी हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, मी खाली बसू?”

“बस, बाळ,” भोपी म्हणाले.

घरत पुढे झाले. “बाई, याच्यावर विश्वास ठेवू नका. दोन नोटिशी मिळाल्यात याला, म्हणून आमच्यावर राग काढतोय. मुलं इथलीच आहेत.”

“इथली नाहीत,” भोपी म्हणाले.

इनामदार बाईंनी वही मिटली आणि माझ्याकडे वळल्या. “मॅडम, पडताळणीवर सही तुमची असते. यांच्यापैकी खरं कोण बोलतंय?”

उत्तर द्यायला मला फार वेळ लागला नसावा. मला मात्र तो वेळ चांगला आठवतो. मी म्हटलं असतं की गुरुजी चुकताहेत, तर शाळा भरलेली ठरली असती आणि शिथिलता गेली असती. पुढे भेकरवाडीही गेली असती. माझ्या सह्या मात्र राहिल्या असत्या. दारात ठमी उभी होती. हातात पळी तशीच.

“भोपी गुरुजी खरं बोलताहेत,” मी म्हटलं. “ही मुलं खैरोलीची आहेत. आणि बाई, माझ्या बाकीच्या तेहेतीस शाळांचे आकडेही असेच आहेत. मुलं तिथूनही भट्टीवर गेलेली आहेत. पेपर शिक्षकांनी लिहिलेत.”

“आणि सही?”

“सही माझी.”

घरत माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काही उमगेना. त्यांच्या दृष्टीनं मी आपल्याच घराला आग लावत होते.

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “हे धाडस लक्षात ठेवीन. आता एवढंच सांगा, आज मुलं आणायला कुणी सांगितलं?”

“केंद्रप्रमुखांनी आणली. मला कल्पना नव्हती,” मी म्हटलं.

त्यात एक शब्द खोटा नव्हता.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. बाईंनी चार दिवस मुक्काम केला, आणखी अकरा शाळा न सांगता पाहिल्या आणि अहवाल दिला. जूनमध्ये जिल्ह्याला शिथिलता मिळाली. ऑगस्टमध्ये नदी दुथडी भरलेली असताना भेकरवाडीत एकेचाळीसपैकी चाळीस मुलांनी चाचणी दिली, टक्के आले चौसष्ट, श्रेणी ब. शाळा राहिली. ती आजही आहे. मला सह्यांबद्दल ताकीद मिळाली, पण तिच्याखाली ‘स्वतःहून सत्य निवेदन केले’ असा शेरा होता आणि पुढे दोन बढत्यांच्या वेळी ताकीद कुणी वाचली नाही, शेरा सगळ्यांनी वाचला. मुख्याध्यापकांनी मला वर्षभर पाण्यात पाहिलं. मग तेही खरे आकडे द्यायला शिकले. त्यांचंही ओझं उतरलं असावं.

घरत निलंबित झाले. शासकीय समितीची फसवणूक, असा आरोप.

चौकशी मे महिन्यात होती. मी साक्षीदार. चौकशी अधिकाऱ्यांनी घरतांना विचारलं, “बाहेरची मुलं आणून बसवावीत, अशी सूचना तुम्हाला कधी कुणा वरिष्ठांनी दिली होती का?”

इथे मला तो प्रसंग सांगायला हवा, जो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. भेकरवाडीच्या दोन वर्षं आधी, श्रेणीचं पहिलंच वर्ष. जिल्ह्याचं पथक घरतांच्या केंद्रातल्या दुसऱ्या एका वाडीवर येणार होतं. शाळेत अकरा मुलं. घरत घाबरून माझ्याकडे आले. या भानगडीत ते नवखे होते. तीस वर्षं त्यांनी शाळा जशी असेल तशी दाखवली होती. मी त्यांना म्हटलं, “खैरोलीची मुलं आणून बसवा. टेम्पोचं मी बघते. प्रत्येकाला नावाची चिठ्ठी द्या. आणि दोन कमी ठेवा, शंभर टक्के असलं की संशय येतो.” त्यांनी विचारलं, “मॅडम, हे बरं दिसेल का?” मी म्हटलं, “घरत साहेब, तुम्ही कशाला टेन्शन घेता?” ते वाक्य त्यांनी माझ्याकडूनच उचललं होतं. पथक खूश झालं. आम्हा दोघांना अभिनंदनाची पत्रं मिळाली. घरतांनी आपलं पत्र काच लावून भिंतीवर टांगलं होतं, मी त्यांच्या घरी पाहिलंय.

तर चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, आणि घरतांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं.

“नाही साहेब. माझ्या मनानं केलं.”

“साक्षीदारांना काही सांगायचंय?”

“नाही,” मी म्हटलं आणि जबाबाखाली सही केली. सही नेहमीसारखीच भरभर झाली.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. “घरत साहेब, तुम्ही का नाही सांगितलंत?”

ते चपला घालत होते. “माझं एक वर्ष राहिलंय, मॅडम. तुमची सोळा. दोघांनी बुडून कुणाचं भलं होणार? शिवाय तुम्ही एवढं मोठं खरं बोललात. बारकं राहिलं तर राहू द्या.”

“तुम्हाला माझा राग नाही आला?”

“आला ना,” ते म्हणाले. “तुम्ही फोनवर सांगायला पाहिजे होतं, बाई कशाला येताहेत ते. मी रिकामी शाळा दाखवली असती. त्यात काय अवघड होतं?”

एवढं बोलून ते मोटारसायकलवर बसले आणि गेले. त्यांची पदावनती झाली. शेवटचे अकरा महिने त्यांनी खैरोलीच्या शाळेत साधे शिक्षक म्हणून काढले, ज्या मुलांना टेम्पोत बसवून नेलं होतं त्यांनाच शिकवत. निवृत्त झाले त्या दिवशी निरोप समारंभ झाला नाही. कुणी ठेवायला धजलं नाही. मी त्या दिवशी मीटिंगला होते. ती मीटिंग मीच ठेवली होती.

माझा समारंभ चार वर्षांपूर्वी झाला, मोठा झाला. पंचायत समितीचं सभागृह भरलेलं होतं. नव्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी भाषणात भेकरवाडीची हजेरी रंगवून सांगितली. टेम्पो, चिठ्ठ्या, पातेल्यातली नवांची खिचडी, मग बाईंचा प्रश्न आणि माझं उत्तर. “सही माझी,” असं ते जोरात म्हणाले तेव्हा टाळ्या पडल्या. व्यासपीठावर भोपी गुरुजी होते, आता केसांनी पिकलेले. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. गोष्टीतल्या केंद्रप्रमुखाचं नाव कुणी घेतलं नाही, पण तालुक्यात ते माहीत नसलेला कोण होता?

घरत आलेले होते. मागून तिसऱ्या ओळीत, तोच पांढरा शर्ट, आता अंगावर सैल झालेला. बाकीच्यांबरोबर तेही टाळ्या वाजवत होते.

उत्तराला मी उभी राहिले. टेम्पोची युक्ती मुळात माझी, हे सांगायचं मी आठवडाभर ठरवून ठेवलं होतं. नोकरी संपली होती, आता कुणी माझं काही वाकडं करणार नव्हतं. चार मिनिटांचं काम होतं. मी साहेबांचे आभार मानले, सहकाऱ्यांचे मानले, भोपी गुरुजींचे मानले. मग माझं घरतांकडे लक्ष गेलं आणि ठरवलेलं पहिलं वाक्यच तोंडातून येईना. मी म्हटलं, “आणि केंद्रप्रमुख घरत साहेबांचेही मी मनापासून आभार मानते. त्यांच्यामुळेच हे सगळं घडलं.”

सभागृहात खसखस पिकली. लोकांना वाटलं, मी टोमणा मारला. मागचे काही जण वळून त्यांच्याकडे बघत हसले. घरत काठीच्या आधारानं उठून उभे राहिले, चारी बाजूंना वळून सगळ्यांना हात जोडले आणि तेही हसले.

तो टोमणा नव्हता, एवढं तरी मला म्हणता आलं असतं. माईक माझ्या हातातच होता. मी “धन्यवाद” म्हटलं आणि खाली बसले.